मूळ घराची झांज

वर्षातले तीनशे अठ्ठावन्न दिवस मी घाबरट माणूस आहे. उरलेल्या सात दिवसांत घरी गणपती येतात आणि माझ्या अंगात साहेब येतो.

आधी घाबरट माणसाबद्दल सांगतो, कारण त्याची मला जास्त माहिती आहे. हा माणूस ओरोसला एका कचेरीत कारकून आहे. सकाळी मालवणकडच्या आमच्या गावातून एसटी पकडतो, बसमध्ये मालवणीत गप्पा मारतो आणि ओरोसच्या थांब्यावर उतरला की शुद्ध मराठी बोलू लागतो. साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्यावर तो दारापासून तीन पावलांवर थांबतो. तीनच का, ते मला विचारू नका. बावीस वर्षांत पाय तिथे थांबायला शिकलेत. साहेब बदलतात, पावलं तीनच राहतात.

सध्याचे साहेब माणसाला उभं ठेवण्यात फार तयार आहेत. ओरडत नाहीत, टाकून बोलत नाहीत. समोर माणूस आला की ते हातातला कागद वाचत राहतात. वाचून झाला की पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतात. मग पेनाला टोपण लावतात, काढतात. एकदा तर मी उभा असताना त्यांनी फोनवर कुणाशी तरी रविवारच्या आंबोलीच्या सहलीचा अख्खा बेत ठरवला. धुकं किती असेल, भजी कुठल्या टपरीवर चांगली मिळतात, सगळं झालं. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं?" तोपर्यंत मी कशासाठी आलो होतो तेच विसरलो होतो. "काही नाही साहेब," असं म्हणून बाहेर आलो.

मला त्यांचा राग येतो का? येतो. पण त्याहून जास्त, खोटं कशाला बोलू, मला त्यांचं कौतुक वाटतं. हे आपल्याला कधी जमेल, असं वाटतं.

ते मला गणपतीत जमतं.

आमची वाडी नऊ घरांची. सगळी भावकी. त्यात आमचं मूळ घर. म्हणजे कुठल्यातरी खापरपणजोबांचा थोरला मुलगा ह्या घरात राहिला आणि धाकटे बाहेर पडून आपापली घरं बांधत गेले. ह्यात माझं कर्तृत्व काय, तर मी थोरल्याच्या बाजूला जन्माला आलो. पण मूळ घराला मान असतो. गणपतीत दिवेलागणीला सगळी वाडी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जमते. पहिली आरती आमच्याकडे, मग थोरल्याच्या पाठच्या भावाचं घर, मग त्याच्या पाठचं, असं करत सगळे घरोघर फिरतात. सगळ्यात धाकट्या शाखेचं नववं घर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे. तिथे जायला व्हाळावरचा छोटा पूल, आमचा साकव, ओलांडावा लागतो. लाकडाचा आहे, पावसात बुळबुळीत होतो.

आरतीला लागणारी झांज आमच्या घरात असते. पितळेची, जुनी, चांगली ताटाएवढी. तिचा आवाज खाडीपर्यंत जातो. ती माजघरातल्या भिंतीच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली गणपतीचे सात दिवस माझ्या कडदोऱ्याला असते. किल्ली खुंटीवर ठेवली तरी चालेल, असं बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. पण मी कपाटापाशी जाऊन, सदरा वर करून, पोट आत घेऊन किल्ली सोडवतो तेवढा वेळ बाहेर सगळी वाडी थांबलेली असते. तो वेळ मला आवडतो.

आणि आरती झाल्यावर गाऱ्हाणं. मूळ घरचा पुरुष देवापुढे उभा राहून सगळ्या वाडीच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. पोराबाळांना सांभाळ, समुद्रावर गेलेल्यांना सुखरूप आण, असं. प्रत्येक वाक्याला सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आता विचार करा. जो माणूस वर्षभर "हो साहेब, बरं साहेब" म्हणत तीन पावलांवर उभा असतो, त्याच्या पाठीमागे तीस माणसं एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती देवाला म्हणतात, हे मला माहीत आहे. पण उभा मी असतो.

ह्या गाऱ्हाण्याचा मी काय काय उपयोग केला ते सांगायला लाज वाटते, म्हणून थोडंच सांगतो. शेजारच्या चुलतभावाच्या फणसाची फांदी आमच्या कौलांवर यायची. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मी गाऱ्हाण्यात घातलं, "जेंच्या झाडाची फांदी दुसऱ्याच्या घरार येता, तेंका बुद्धी दी, म्हाराजा!" सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. चुलतभावालाही म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी फांदी तोडली गेली. एका घराने मला त्यांच्या पूजेचं बोलावणं पाठवलं नव्हतं, त्यांच्याकडे पाचाऐवजी दोनच आरत्या गाऊन मी "आज घसो बसलोसा" म्हटलं आणि पुढच्या घरी खणखणीत गायलो. सगळ्यांना कळलं. कोणी बोललं नाही. माझ्या विनोदांना लोक जरा जास्तच हसायला लागले. मला वाटायचं, वयाबरोबर आपला विनोद पिकतोय.

व्हाळापलीकडच्या घराशी मात्र माझं काही भांडण नव्हतं. त्या घरातला माणूस माझा चुलत-चुलत भाऊ. जहाजावर असतो. बारा वर्षांत एकदाही त्याची सुट्टी आणि गणपती एका वेळी पडलेले नाहीत. घरात त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि गणपती. मूर्ती छोटी, पण वर टांगलेली फळाफुलांची माटवी बघण्यासारखी. काकडी, कवंडळं, सुपारीचा शिपटा, हरणाची फुलं, सगळं ती स्वतः रानातून आणून बांधते.

त्या घरापर्यंत मी जात नसे. आठव्या घराची आरती झाली की मी साकवाच्या अलीकडून परत फिरायचो. झांज जुनी आहे, साकवावर पाय घसरला तर तडा जाईल, असं कारण मी एका वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी तेच सांगितलं. तिसऱ्या वर्षी मला काही सांगावं लागलं नाही, ती वहिवाट झाली. मूळ घरचा माणूस परत फिरला की बाकीचेही फिरतात. कुणाकडे पाहुणे असतात, कुणाला भूक लागलेली असते. व्हाळापलीकडे पोचायची तीन-चार माणसं, तीही पेंगुळलेली. टाळ्या वाजवून एक आरती म्हणायची आणि घरी.

ती मात्र रोज सगळ्या वाडीला पुरेल एवढी काळ्या वाटाण्यांची उसळ करून ठेवायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरलेली उसळ डब्यातून घरोघर वाटत फिरायची. मी ती न्याहारीला आंबोळीबरोबर खायचो. चांगली असायची.

यंदा गणपतीच्या आधी मी आठ दिवसांची रजा टाकली होती. साहेबांनी मला बोलावून घेतलं, नेहमीएवढा वेळ उभं ठेवलं आणि अर्ज परत दिला. वर लाल शाईत लिहिलं होतं, "कामाची निकड पाहता पाच दिवस. उर्वरित सबब अमान्य." केबिनमध्ये आणखी दोघे बसले होते. साहेब त्यांना म्हणाले, "ह्यांच्या गावचा गणपती ह्यांच्याशिवाय उठत नाही वाटतं." ते दोघे हसले. मीही हसलो. हे माझं केबिनमधलं हसू. ओठ ताणले जातात, डोळे जमिनीवर राहतात. तो अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. सांगायचं म्हणजे, यंदा मी रागाने भरून आलो होतो.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळापलीकडची ती आली. मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो.

"दादानू, वायच काम होतां तुमच्याकडे."

मी पेपर वाचत राहिलो. वाचून झालेली बातमी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, लावला. ती पायरीखाली उभी होती, हातात रिकामा उसळीचा डबा. मी पान उलटलं. मग तिच्याकडे न बघता म्हटलं, "हं?"

किती छान जमलं! मला क्षणभर साहेबांना फोन करून सांगावंसं वाटलं.

"तेंचा जहाज परवा बंदराक लागतला," ती म्हणाली. "सांजचे साडेसा ते सव्वासात, तेवढोच टायम तेंका रेंज गावतली. मगे ड्युटी. बारा वर्सां तेनी घराकडची आरती बगूक नाय. एकदा सगळी वाडी आपल्या खळ्यात उभी रवलेली बगूची आसा, म्हणतत." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "एक दिस उलटे फिरूया काय, दादानू? आमच्याकडसून सुरवात करूया, आणि तुमच्याकडे शेवट."

एवढंच मागणं होतं. एक संध्याकाळ, पाऊण तास. त्या माणसाला स्वतःचं घर माणसांनी भरलेलं बघायचं होतं, आणि जहाज पुन्हा समुद्रात गेलं की ते जमणार नव्हतं. "व्हय" म्हणायला मला काय लागणार होतं? पण "शेवट" हा शब्द मला बोचला. मूळ घर आणि शेवट!

"असा तोंडी सांगान जमाचा नाय," मी म्हणालो. "लेखी अर्ज दी. मगे निर्णय होतलो."

हा विनोद होता. निदान मी तो विनोद म्हणून केला होता. ती "बरां" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने अर्ज आणला. मुलीच्या वहीचं रेघांचं पान, चौकोनी घडी केलेलं. मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "विषय : आरतीचा क्रम एक दिवस उलट करणेबाबत." खाली "महोदय", मग "वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की", आणि शेवटी "आपली विश्वासू", त्याखाली तिची सही. सही करायची तिला फारशी सवय नसावी, कागद दाबला गेला होता. हा अर्ज खरा होता. माझ्या विनोदावर विश्वास ठेवून दोघी मायलेकी रात्री बसून शुद्ध मराठीत लिहीत राहिल्या होत्या. तिथेच, त्या पायरीवर, मी "अगो, मी मजा केलंय" असं म्हणू शकलो असतो. मी म्हटलं, "ठेव थंयसर."

मग मी लाल पेन शोधलं. कचेरीत लाल शाई साहेबांची असते, आमच्या हातात ती कधी येत नाही. आमची मुलगी आता पुण्याला नोकरीला असते, तिच्या जुन्या कंपासपेटीत एक सापडलं. चालेना. तळव्यावर घासलं, फुंकर मारली, रिफील दोन्ही हातांत धरून चोळली. पन्नाशी उलटलेला माणूस भर सकाळी एवढ्या खटपटीने काय करत होता, तर एका बाईच्या अर्जावर लिहीत होता, "वहिवाटीस धरून नाही. सबब अमान्य." खाली सही. सही फार झोकात आली.

त्या संध्याकाळी आमच्याकडची आरती झाल्यावर मी गाऱ्हाण्याच्या आधी खिशातून तो कागद काढला. "अर्जदार हजर आसा?" मी मोठ्याने विचारलं. लोक हसायला लागले, काय आहे ते न कळताच. मी अर्ज वाचून दाखवला, "महोदय" पासून "विश्वासू" पर्यंत, साहेबांच्या आवाजात. मग शेरा वाचला. मग कागद तिच्या हातात दिला. पुढची माणसं जोरात हसली, मागची थोडी कमी हसली. मुलीने आईचा पदर धरला होता. आईही हसली. ओठ ताणले गेले, डोळे जमिनीवर राहिले. ते हसू मी ओळखलं. कसं ओळखणार नाही, ते माझंच होतं.

ओळखूनही मी गाऱ्हाणं सुरू केलं. "व्हय म्हाराजा" जरा कमी आवाजात आलं असं वाटलं.

जेवताना बायको म्हणाली, "तिना काय तुमची खुर्ची मागल्यान काय?"

"वहिवाट आसा," मी म्हणालो.

"वहिवाट!" एवढंच म्हणून तिने भाताचं पातेलं उचललं. मला अजून भात हवा होता, पण मागायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानावर कानावर आलं, की वाडीत कुजबुज चालली आहे. एक दिवस उलटं फिरलं तर काय बिघडतं, असं दोघं-तिघं म्हणत होते. मी ठरवलं, आता धडा शिकवायचा. भांडायचं नाही, आरडाओरडा नाही. साहेबांकडून मी शिकलेली सगळ्यात पक्की गोष्ट ही आहे, की नाही म्हणायचंच नसतं, फक्त वेळ घालवायचा असतो. झांज माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कडदोऱ्याला. मी साडेसातपर्यंत कपाट उघडणार नव्हतो. झांजेशिवाय आरती होणार नाही, आणि सव्वासातला जहाजावरच्या माणसाची ड्युटी लागणार. माझ्यावर कोणी बोट ठेवू शकलं नसतं.

हे मी जाणूनबुजून ठरवलं होतं. ह्यात विनोद नव्हता.

सहा वाजता अंघोळ केली, धुतलेला पांढरा लेंगा-सदरा घातला, देवापुढे निरांजन लावलं आणि पडवीत खुर्ची टाकून बसलो. आता लोक येतील. वाट बघतील. कोणीतरी म्हणेल, "दादानू, झांज काढा." मी म्हणेन, "हं?" मी ते "हं" दोन-तीनदा हळू आवाजात म्हणूनही बघितलं.

साडेसहा झाले. खळ्यात कोणी नाही. बारीक पाऊस भुरभुरत होता, म्हटलं पावसामुळे असेल. पावणेसात झाले. निरांजन विझलं म्हणून आत जाऊन पुन्हा लावलं. बायकोला हाक मारली, ती घरात नव्हती. आता मला वाटलं, सगळे शेजारच्या खळ्यात जमून माझ्याकडे विनवणीला कुणी जायचं ते ठरवत असतील. मी खुर्ची थोडी पुढे ओढून बसलो, म्हणजे येणाऱ्याला पायरीखालीच उभं राहावं लागेल.

आणि मग आवाज आला. धण् धण् धण्. झांजेचा नव्हता. कुणीतरी पत्रा बडवावा तसा आवाज व्हाळापलीकडून येत होता. पाठोपाठ मृदंग, आणि मग आरती. तीन-चार माणसांची नव्हती. सगळी वाडी गात होती.

मी छत्री घेतली आणि निघालो. बॅटरी घेतली नाही, कोणी बघू नये म्हणून. साकव ओलांडला. तिच्या खळ्याभोवती चिऱ्यांचा गडगा आहे, त्याच्या मागे वाकून उभा राहिलो. मूळ घरचा मानकरी, दुसऱ्याच्या गडग्यामागे. वाडीतला एक कुत्रा आला, मला हुंगलं आणि माझ्या पायाशी बसला. त्या संध्याकाळी मला मान देणारा तेवढा एकच.

घर लहान, म्हणून निम्मी माणसं खळ्यात पावसात उभी होती. फणसवाला चुलतभाऊ होता. दोन आरत्यांवर बोळवण केलेलं घर अख्खं होतं. मुलीने फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता आणि ती सावकाश फिरत होती, एकेका माणसासमोर थांबत होती. फोनमध्ये नारिंगी कपड्यांतला तो दिसत होता, कुठल्यातरी बंदरात, मागे लोखंडी भिंत. तोही गात होता. त्याचा आवाज मागून येत होता. इथे आरती संपली, सगळे थांबले, तरी फोनमधून तो एकटाच दोन शब्द मागे गात राहिला. त्याचं गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. ती देवाकडे बघत नव्हती, फोनकडेही बघत नव्हती. ती भरलेल्या खळ्याकडे बघत होती.

आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहून लाकडी डावाने परात बडवत होती माझी बायको.

गाऱ्हाण्याची वेळ आली. आता ह्यांचं अडणार, असं मला वाटलं. त्या अवस्थेतही वाटलं, हे कबूल करतो. मृदंगवाला म्हातारा पुढे आला. त्याला काही येत नव्हतं. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला आणि मग म्हणाला, "देवा म्हाराजा, हो जंय आसा थंय तेका बरो ठेव आणि एकदा चवतीक घराक येवक दी."

"व्हय म्हाराजा!"

एवढा मोठा आवाज माझ्या बावीस-पंचवीस वर्षांच्या गाऱ्हाण्यांना कधी मिळाला नव्हता. गडग्यामागे माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघालं. कुत्र्याने वर बघितलं.

मी घाईने परत फिरलो, कारण ते यायच्या आत मला खुर्चीत बसलेलं असायला हवं होतं. साकव मला माझ्याच कारणासाठी लक्षात राहायला हवा होता. राहिला नाही. दुसऱ्या टोकाला पाय घसरला आणि मी चिखलात बसलो. घरी येऊन पाय धुतले, निरांजन लावलं, पेपर उघडून बसलो. पण त्यांना मधली सात घरं करत यायचं होतं. पाऊण तास झाला, तास झाला. दूरवरून परातीचा आवाज एका घरातून दुसऱ्या घरात सरकत होता, आणि दर घराला गाणारे आवाज कमी होत होते. मी दोनदा उठून निरांजन लावलं. बायकोने करून ठेवलेली उसळ बघितली, तिच्यावर पापुद्रा धरला होता. इतक्या वर्षांत मला कधी कुणाची वाट बघावी लागली नव्हती, घरी तरी. कुणी येईल की नाही, ह्याची मला खरोखर भीती वाटायला लागली.

नऊच्या सुमाराला तिघं आली. माझी बायको, मृदंगवाला म्हातारा आणि व्हाळापलीकडची ती.

बायकोने परात पायरीवर ठेवली. आमच्या लग्नात आलेली परात, काठावर ठिपक्या-ठिपक्यांत माझं नाव कोरलेलं. नेमकी नावापाशी पोचे आले होते. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पाय धुतलंस, पण लेंगो बदलूचो रवलो, रे."

मी आत गेलो, कडदोऱ्याची किल्ली सोडवली, कपाट उघडून झांज काढली. देवापुढे येतो तर निरांजन पुन्हा विझलेलं. काडेपेटी दमट झाली होती, तीन काड्या वाया गेल्या. तिने काडेपेटी माझ्या हातातून घेतली, केसांवर दोनदा घासली आणि एका काडीत निरांजन लावलं.

"आदीच लावन ठेवचो नाय, दादानू," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. स्वयंपाकातली एखादी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "वात जळान जाता. साकवार बॅटरी दिसली की मगेच मी दिवो लावतंय. माका सवय आसा."

आम्ही चौघांनी आरती म्हटली. एवढी मोठी झांज चार माणसांत फार मोठी वाजते. गाऱ्हाण्याला उभा राहिलो आणि मला एकही वाक्य सुचेना. लाज वाटत होती, आणि ती देवाची नव्हती. शेवटी मी म्हटलं, "चुकला माकला माफ कर, म्हाराजा." तिघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तिचा आवाज त्यात होता. मग तिने माझ्याकडची थंड उसळ खाल्ली आणि बरी झाली आहे म्हणाली.

"तू कित्याक इलंस गो एवढ्या लांब?" मी न राहवून विचारलं.

"शेवटच्या घराक कोणतरी जावक व्हया," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी वाडी पुन्हा आमच्या खळ्यात जमली, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या क्रमाने. कोणी आदल्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी सुधारलो वगैरे काही नाही. फणसवाल्याने आरतीत जांभई दिली तेव्हा एक टोमणा माझ्या अगदी जिभेवर आला होता, तो मी गिळला. किल्ली खुंटीवर होती. आठव्या घराची आरती झाली, माणसं पांगायला लागली. मी झांज काखेत धरली आणि पुढे चालत राहिलो. मागे कोण आहे ते बघितलं नाही, पण पावलं ऐकू येत होती.

साकवाच्या मधोमध थांबलो. पलीकडे घर काळोखात होतं. मी झांज एकदाच वाजवली. आणि पावसात उभा राहिलो, तिच्या देवापुढे दिवा लागलेला दिसेपर्यंत.